आयर्लंडमध्ये मतपत्रिकेवर १, २, ३ लिहायचं आहे. २ नंबर दिला तर माझ्या १ नंबरवालीचं नुकसान होतं का?

सिन्नरची_सून (२७ मे २०२४)

मंडळी, प्रश्न तसा लहान आहे, पण त्यावरून आमच्या घरात दोन दिवस धुसफूस चालू आहे.

२० तारखेला सासूबाईंनी सिन्नरला मत देऊन शाईच्या बोटाचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. आम्ही दोघं तीन वर्षं डब्लिनात. भारतातलं मत द्यायचं तर तिथे जाऊनच रांगेत उभं राहावं लागतं, त्यामुळे आमची बोटं कोरीच. आणि इथे माझ्या नावाचं पोलिंग कार्ड आलं! माझा पासपोर्ट भारताचा. आधी वाटलं, चुकून आलंय. मग आठवलं, मार्चमध्ये लायब्ररीत एका बाईंनी माझ्याकडून फॉर्म भरून घेतला होता. कौन्सिलच्या निवडणुकीत म्हणे इथे राहणाऱ्या कुणालाही मत देता येतं, नागरिक असायची गरज नाही. ७ जूनला मतदान आहे.

आता खरी गोष्ट. परवा संध्याकाळी धो धो पावसात एक उमेदवार दारात उभे. रेनकोटमधून पायपुसण्यावर धार लागलेली. मी आपलं खरं सांगून टाकलं की माझं मत ठरलंय, आमच्या बसथांब्यासाठी वर्षभर भांडलेल्या एक अपक्ष बाई उभ्या आहेत, त्यांना देणार. आपल्याकडे एवढं ऐकल्यावर उमेदवार नमस्कार करून पुढच्या दाराला जाईल. हे गृहस्थ हसले आणि म्हणाले, "छान आहेत त्या. मग २ नंबर मला द्या." आणि खिशातून ओलं पत्रक काढून दिलं!

नवऱ्याचं म्हणणं, २-३ कुणाला लिहूच नकोस. एकच १ लिही आणि मोकळी हो, म्हणजे जोर पूर्ण बसतो. दुसऱ्याला २ दिलास म्हणजे तुझ्या बाईंच्या प्रतिस्पर्ध्याला अर्धं मत गेलं. मला ते पटतही नाही आणि खोडूनही काढता येत नाही. जागा ५ आहेत आणि नावं १६. सोळाही जणांना नंबर द्यायचे का?

जुना_भाडेकरू (२८ मे २०२४)

ताई, मिस्टरांना सांगा, जोर वगैरे काही बसत नाही. तुमचं मत एकच आहे आणि ते एकच राहतं. २ म्हणजे दुसरं मत नाही, अर्धं मतही नाही. ती मतमोजणी करणाऱ्याला लिहून दिलेली चिठ्ठी आहे: "माझ्या बाईंना या कागदाची गरज उरली नाही, तर तो अमक्याच्या गठ्ठ्यात ठेवा." बाई शर्यतीत आहेत तोवर तुमचा २ कुणी बघतसुद्धा नाही. त्यामुळे त्यांचं नुकसान होणं शक्यच नाही. हे एवढं कळलं की बाकीचं सगळं हिशेबाचं काम आहे, आणि हिशेबात माझा जन्म गेला.

मी इथे १९ वर्षं आहे. २००९पासून दर निवडणुकीला मतमोजणीच्या हॉलात कठड्यापाशी क्लिपबोर्ड घेऊन उभा असतो. त्याला इथे 'टॅली' म्हणतात. ते नंतर सांगतो, आधी तुमचा हिशेब.

समजा तुमच्या भागात ९००० वैध मतं पडली आणि जागा ५. कोटा काढायची रीत अशी: मतांना जागा अधिक एक, म्हणजे ६ने भागायचं. आले १५००. त्यात १ मिळवा. १५०१ हा कोटा. का? कारण १५०१ मतं पाच जणांनाच मिळू शकतात, सहाव्याला पुरत नाहीत. करून बघा.

आता पहिल्या पसंतीची मतं मोजली आणि एकाला मिळाली १८०१. तो आला निवडून. पण त्याच्याकडे ३०० जास्तीची आहेत. ती वाया का घालवायची? म्हणून त्याचे सगळे १८०१ कागद पुन्हा पसरतात आणि २ कुणाला लिहिलाय ते बघून गठ्ठे लावतात. समजा ९०० जणांनी २ 'ख'ला दिलाय, ६०० जणांनी 'ग'ला, आणि ३०१ जणांनी तुमच्या मिस्टरांसारखं नुसता १ लिहून हात झटकलेत. पुढे जाऊ शकणारे कागद झाले १५००, पाठवायचेत ३००. म्हणजे पाचातला एक. 'ख'च्या गठ्ठ्यात १८० कागद, 'ग'च्या गठ्ठ्यात १२०. ३०१ जागच्या जागी.

कुणाकडेच जास्तीची मतं नसतील तर सगळ्यात मागे असलेल्याला बाद करतात आणि त्याचे झाडून सगळे कागद पुढच्या पसंतीप्रमाणे वाटतात. तो पुढचा माणूस आधीच निवडून आला असेल किंवा बाद झाला असेल, तर त्याच्याही पुढचा नंबर बघतात. असं करत करत पाच जागा भरेपर्यंत. रात्रीचे दोन वाजतात कधीकधी.

तर सोळाही नंबर द्यायचे का? सक्ती नाही. माझा स्वतःचा नियम असा की जोवर "हा आला तर त्याच्यापेक्षा बरा" असं म्हणता येतंय तोवर लिहीत जायचं. मी बहुधा दहा-अकरापर्यंत जातो. जो येऊच नये असं वाटतं त्याच्यापुढचा चौकोन कोरा.

काही व्यवहारातल्या गोष्टी. त्या दिवशी युरोपीय संसदेचंही मतदान आहे, पण ते तुम्हाला नाही, त्याला युरोपीय संघातलं नागरिकत्व लागतं. तुम्हाला एकच कागद मिळेल. त्यावर नावं आडनावाच्या अक्षरक्रमाने असतात, शेजारी फोटो आणि पक्षाचं चिन्ह. कागदावर केंद्रातल्या माणसाने शिक्का मारलाय ना, ते बघून घ्या, शिक्का नसला तर मत बाद. दोन ठिकाणी १ लिहिलात तरी बाद. १, २ आणि एकदम ४ लिहिलात तर २पर्यंतच धरतात. पेन्सिल दोरीला बांधलेली असते. शाई नाही, त्यामुळे सासूबाईंना पाठवायला फोटो मिळणार नाही.

आणि ते रेनकोटवाले गृहस्थ. त्यांच्यावर हसू नका, तो इथला धंदाच आहे. आपल्याकडे दुसऱ्याचा मतदार म्हणजे फुकट गेलेला वेळ. इथे दुसऱ्याचा मतदार म्हणजे तुमच्या सातव्या फेरीचं भांडवल. म्हणून तर "छान आहेत त्या" म्हणाले. तुमच्या बाईंना तुमच्या दारात नावं ठेवली असती तर २ काय, ९ नंबरही मिळाला नसता.

पंचगंगेकाठचा (२८ मे २०२४)

भाडेकरू दादा, लई भारी समजावलंत. पण हे डब्लिनचं नवल म्हणून सांगताय तेवढं नवल नाही हं. आमच्या कोल्हापूरकरांना हा हिशेब तोंडपाठ आहे. राज्यसभा आणि विधानपरिषद याच पद्धतीनं होते, पसंतीक्रमानं.

१० जून २०२२. राज्यसभेच्या ६ जागा, उमेदवार ७. सहाव्या जागेला भाजपचे धनंजय महाडिक आणि शिवसेनेचे संजय पवार. दोघंही आमच्याच गावचे! त्या रात्री कोल्हापुरात कोण झोपलं असेल तर शपथ. आक्षेप, तक्रारी, एक मत बाद, निकाल पहाटेवर गेला.

पहिल्या पसंतीची मतं: पवार ३३, महाडिक २७. आणि निवडून कोण आलं? महाडिक. आमचा एक मित्र अजून म्हणतो की ३३ला २७नं हरवलं, म्हणजे यात काहीतरी काळंबेरं. त्याला मी वहीवर मांडून दाखवलं होतं, तेच इथे देतो.

आपल्याकडे एका आमदाराच्या मताची किंमत १०० धरतात, म्हणजे अपूर्णांकाची कटकट नको. वैध मतं २८४, म्हणून २८४००. भागिले ७, अधिक १. कोटा ४०५८, म्हणजे ४०.५८ मतं. भाजपनं पीयूष गोयल यांना ४८ आणि अनिल बोंडे यांना ४८ अशी पहिल्या पसंतीची मतं दिली. दोघांकडेही सात-सात मतांच्या वर जास्तीची, ती सगळी दुसऱ्या पसंतीनं महाडिकांकडे वळली. २७ वरून थेट ४१च्या पुढे. आघाडीच्या तिघांना पडली होती ४४, ४३ आणि ४१. तिघांची जास्तीची मिळून जेमतेम सव्वासहा. ३३ अधिक सव्वासहा, पवार एकोणचाळीसवर अडकले.

म्हणजे पहिलं मत कुणाला यापेक्षा दुसरं कुठं वळवायचं, यावर सीट गेली. ताईंच्या मिस्टरांना एवढंच सांगा की २ नंबरला किंमत नसती तर दोन्हीकडच्या आमदारांना मुंबईतल्या हॉटेलांत नेऊन ठेवायची वेळ आली नसती.

आणि एक मजा. पदवीधर मतदारसंघात मी स्वतः असं मत दिलंय, डिसेंबर २०२०मध्ये, पुणे विभागात. आयोगाचंच जांभळं स्केचपेन वापरायचं, स्वतःचं पेन चालत नाही. आकडे मराठीत लिहिले तरी चालतात. ताई, तुम्ही मात्र तिकडं सवयीनं मराठी १ लिहू नका. आपला १ बघून ते म्हणतील की हे ९ कुणी काढलंय!

जुना_भाडेकरू (२८ मे २०२४)

@पंचगंगेकाठचा, त्या ९च्या मुद्द्याला दाद. हे मला १९ वर्षांत सुचलं नव्हतं.

तुमच्या वहीतल्या हिशेबात आणि इथल्यात एक बारीक फरक आहे आणि मला तो फार आवडतो. तुमच्याकडे मताचे १०० भाग करून ते वाटतात. इथे लोकप्रतिनिधींच्या निवडणुकीत कागदच उचलून दुसरीकडे ठेवतात. मी वर १८० कागद म्हटलं ना, तर ९००च्या गठ्ठ्यातले कोणते १८०? सगळ्यात शेवटी ठेवलेले. म्हणजे गठ्ठ्याच्या वरचे. सुरुवातीला सगळ्या पेट्यांतले कागद मिसळून घेतात, म्हणून हे चालतं, पण तत्त्वतः फेरमोजणीत एखाद-दोन मतं इकडची तिकडे होऊ शकतात. माझ्यातल्या हिशेबनिसाला अजून हे पचत नाही. याच देशात वरच्या सभागृहासाठी एका मताची किंमत १००० धरून काटेकोर वाटतात, खालच्यासाठी नाही. विचारलं तर खांदे उडवतात.

आता टॅली. मतदान शुक्रवारी रात्री दहाला संपतं, त्या रात्री कुणी पेटी उघडत नाही. शनिवारी सकाळी नऊला हॉलात लांबच लांब टेबलं, त्यापुढे कठडा आणि कठड्याला रेलून आम्ही. मी असतो आरडीएसच्या हॉलात, जिथे एरवी घोड्यांचं प्रदर्शन भरतं. पेटी टेबलावर उपडी करतात आणि कर्मचारी एकेक कागद उलगडून छापील बाजू वर ठेवतो. आमच्या हातात उमेदवारांच्या नावांचा तक्ता. १ कुणाला दिसला की त्याच्यापुढे काडी. चार काड्या आणि पाचवी आडवी, दुधाचा हिशेब ठेवतात तशी. कागद तुमच्यासमोर एखाद सेकंद असतो. चष्मा पुसायला खाली बघितलंत की तीन मतं गेली.

प्रत्येक पेटी कुठल्या गल्लीची हे माहीत असतं. त्यामुळे दुपारी बारापर्यंत, अधिकृत एकही आकडा येण्याआधी, कुठल्या वस्तीत कोणाचं पाणी किती हे सगळ्या पक्षांना कळलेलं असतं. आणि खरी गंमत पुढे. सकाळी सातपर्यंत एकमेकांचे फलक मोजणारे हे लोक इथे आकडे वाटून घेतात! एकाच पक्षाची माणसं सगळ्या पेट्यांना पुरत नाहीत, म्हणून "तू ही पेटी बघ, मी ती बघतो." २००९ला पहिल्यांदा मी चुकून एका विरोधी पक्षाच्या म्हाताऱ्याशेजारी उभा होतो. माझी पेन्सिल मोडली, तर त्याने कानावरची काढून दिली आणि वर म्हणाला, "तुझ्या तिसऱ्या ओळीत दोन काड्या कमी आहेत."

अर्धा_ग्लास (२९ मे २०२४)

वर्णन छान, पण फार गोडगोड होतंय. हीच पद्धत माल्टात आहे. १९८१ला तिथे नॅशनलिस्ट पक्षाला ५०.९ टक्के पहिल्या पसंतीची मतं मिळाली आणि जागा ३१. लेबरला मतं कमी आणि जागा ३४. सरकार लेबरचं. पुढे घटनादुरुस्ती करून हे बुजवावं लागलं. तेव्हा १-२-३ लिहिलं की न्याय मिळाला असं काही नाही. मतदारसंघांच्या रेघा कुणी मारल्या ते आधी बघा.

शिवाय एकाच मतदारसंघात एकाच पक्षाचे दोन-तीन उमेदवार, म्हणजे घरातच भाऊबंदकी. धोरणावर भांडता येत नाही कारण पक्ष एकच, मग भांडायचं कशावर? खड्ड्यांवर आणि दिव्याच्या खांबांवर. खासदाराचा नगरसेवक होतो.

जुना_भाडेकरू (२९ मे २०२४)

माल्टाचं मान्य. रेघांचंही मान्य. आयर्लंडमध्येही सत्तरच्या दशकात एका मंत्र्याने स्वतःच्या आघाडीला सोयीचे तीन-तीन जागांचे मतदारसंघ कोरले आणि १९७७ला त्याचीच आघाडी सपाटून आपटली. त्यानंतर ते काम मंत्र्यांच्या हातून काढून स्वतंत्र आयोगाकडे गेलं.

खड्ड्यांचंही शंभर टक्के खरं. आमच्या भागातले एक टीडी (खालच्या सभागृहाचे सदस्य, आपण खासदार म्हणू) कुणाच्याही मयताला हजर असतात. लोक हसतात, आणि मतही देतात. मला मात्र ते तितकं वाईट वाटत नाही. माझी आई गेली तेव्हा इथे कुणाला कळायचं कारण नव्हतं, पण दोन दिवसांनी त्यांचं हाताने लिहिलेलं पत्र आलं. हिशेब करून लिहिलेलं असेल. असू दे.

भाऊबंदकी टाळायला पक्ष गावाच्या वाटण्या करतात. नदीच्या अलीकडे पत्रक येतं, "१ अमक्या, २ तमक्या." पलीकडे तेच उलटं. ही वाटणी चुकली की फजिती. सगळ्यात मोठी फजिती २०२०च्या सार्वत्रिक निवडणुकीत शिन फेन या पक्षाची झाली. आदल्या वर्षी कौन्सिलच्या निवडणुकीत मार खाल्ला, १५९ नगरसेवकांचे ८१ झाले, म्हणून घाबरून १६० जागांसाठी ४२च उमेदवार उभे केले. आणि लाट आली! पहिल्या पसंतीची सगळ्यात जास्त मतं त्यांना, २४.५ टक्के, पण जागा ३७. उमेदवारच नव्हते हो पुरेसे. कोट्याच्या वरची हजारो मतं डाव्या विचारांच्या लहान पक्षांकडे वाहून गेली आणि त्यांची माणसं शिन फेनच्या पाठीवर बसून निवडून आली. त्या रविवारी हॉलात शिन फेनवाले एकाच वेळी नाचत होते आणि कपाळ बडवत होते.

एवढं असूनही लोक पद्धत सोडायला तयार नाहीत. फियाना फॉल पक्षाने दोनदा सार्वमत घेतलं की ही बंद करून ब्रिटनसारखी (म्हणजे आपल्या लोकसभेसारखी) 'ज्याला जास्त तो आला' पद्धत आणूया. १९५९ला लोक म्हणाले नाही. त्याच दिवशी पक्षाच्या डी व्हॅलेरांना राष्ट्रपती म्हणून निवडून दिलं, आणि त्यांच्याच आवडत्या प्रस्तावाला नकार! १९६८ला पुन्हा विचारलं, तेव्हा नकार आणखी वाढला, साठ टक्क्यांच्या वर.

मशीनचंही तेच. इथल्या सरकारने ५ कोटी युरोंहून जास्त घालून मतदान यंत्रं घेतली. २००२ला तीन मतदारसंघांत वापरली. निकाल झटक्यात लागला, नोरा ओवेन या माजी मंत्री बाईंना आपण पडलो हे मंचावर उभ्याउभ्या कळलं. टॅली नाही, फेऱ्या नाहीत, मनाची तयारी करायला वेळ नाही. कागद मागे राहत नाही म्हणून शंका निघाल्या, यंत्रं वर्षानुवर्षं गोदामात पडली, शेवटी २०१२ला भंगारात विकली, सुमारे ७० हजार युरोंना.

श्टुटगार्टचा_शेजारी (३० मे २०२४)

मी नुसता जळफळायला आलोय. जर्मनीत १२ वर्षं कर भरतोय, पण युरोपीय संघाबाहेरच्या नागरिकाला इथे नगरपालिकेचंही मत नाही. बायको मागच्या वर्षी जर्मन नागरिक झाली. ९ जूनला आमच्याकडे महापालिकेची निवडणूक आहे, तिच्या मतपत्रिका आधीच घरी आल्यात, निवांत बसून भरायला. डायनिंग टेबल व्यापलंय. प्रत्येक पक्षाचा वेगळा कागद. पालिकेच्या जागा ६०, म्हणून तिला मतं ६०! एका माणसाला जास्तीत जास्त ३ देता येतात, आणि या पक्षाचे चार, त्या पक्षाचे दोन असं मिसळताही येतं. ६१ झाली की सगळं बाद. ती कॅल्क्युलेटर घेऊन बसलीय आणि मी चहा करून देतोय. भाडेकरू, तुमची काडीमोजणी इथल्या मोजणाऱ्यांना दाखवा, रडतील.

सिन्नरची_सून (१० जून २०२४)

मंडळी, दिलं मत!

शाळेच्या जिममध्ये केंद्र होतं. दोरीला बांधलेली पेन्सिल बघून हसूच आलं, आणि शिक्का बघितला. ११पर्यंत नंबर लिहिले, इंग्रजीतच. १ बसथांब्याच्या बाईंना. २ रेनकोटवाल्यांना, ओलं पत्रक फ्रिजवर लावलं होतं म्हणून. ३ लिहिताना जरा अडले. एका मोठ्या पक्षाचे टक्कल असलेले गृहस्थ, फोटो बरा वाटला, लिहिला. पाच सेकंदही लागले नसतील. नवऱ्याने शेवटपर्यंत नुसता १ लिहिला. तत्त्व म्हणे.

भाडेकरू काकांचं टॅलीचं वर्णन वाचून बाईंना मेसेज केला, तर त्यांनी मला मोजणीचा पासच दिला. "माणसं कमी आहेत, येशील का?" शनिवारी सकाळी कठड्याला उभी होते, गळ्यात पट्टा, हातात क्लिपबोर्ड. पहिल्या पेटीला माझ्या निम्म्या काड्या चुकल्या. एका आजींनी माझं मनगट धरून दाखवलं की कागदाकडे बघायचं, हाताकडे नाही. दुसऱ्या पेटीपासून जमलं. आमच्या गल्लीची पेटी उघडली तेव्हा छातीत धडधडायला लागलं, हे मात्र खरं. इतक्या कागदांत माझा कुठला ते कळणार नाही हे माहीत असून मी माझं अक्षर शोधत होते.

आता निकाल. रेनकोटवाले पाचव्या फेरीत बाद. माझ्या बाई त्यांच्या पुढे होत्या, पण आठव्या फेरीत त्याही गेल्या. मी रडले थोडी. मग डोक्यात हिशेब सुरू झाला. बाई बाद, म्हणजे त्यांचे सगळे कागद उचलणार. माझ्या कागदावर २ रेनकोटवाले, ते आधीच बाहेर. म्हणजे माझा कागद ३ नंबरला, टकलू काकांकडे! समोरच टेबलावर गठ्ठा हलताना बघितला. आणि त्याच फेरीत ते कोटा ओलांडून आले निवडून. वर ४३ मतं जास्तीची. त्या ४३त माझा कागद पुढे गेला की गठ्ठ्यात खाली राहिला, हे आता कुणीच सांगू शकणार नाही, हो ना?

नवऱ्याचा कागद आठव्या फेरीत 'पुढे पसंती नाही' म्हणून बाजूला ठेवला गेला. घरी येऊन सांगितलं. गप्प आहे.

माझा प्रश्न आता वेगळा आहे. ज्या माणसाला मी पाच सेकंदात ३ लिहिला तो माझा नगरसेवक झाला. बसथांब्याबद्दल त्यांना फोन करू का? मी तुम्हाला मत दिलंय असं म्हणता येईल का?

जुना_भाडेकरू (१० जून २०२४)

करा, आजच करा. आणि "मी तुम्हाला ३ दिला होता" असंच सांगा. 'मत दिलं' सगळेच म्हणतात, त्यावर इथे कुणी विश्वास ठेवत नाही. ३ म्हटलंत तर ते लगेच विचारतील, "१ कुणाला होता?" बाईंचं नाव घ्या. आठव्या फेरीत त्यांच्या गठ्ठ्यातून किती कागद आले ते त्यांना तोंडपाठ असणार, आणि पुढच्या वेळी ते परत लागणार आहेत. बाईंनी थांब्यासाठी जमवलेल्या सह्या असतील तर त्याही न्या.

४३चं म्हणाल तर बरोबर, ते कुणालाच कळणार नाही. मलाही रात्री त्रास होतो त्याचा.

पंचगंगेकाठचा (१३ जुलै २०२४)

धागा वर काढतोय, क्षमस्व. काल आपल्याकडे विधानपरिषद झाली. ११ जागा, १२ उमेदवार, मतदार आमदार २७४. वही काढली: २७४०० भागिले १२, अधिक १, २२८४. म्हणजे २३ आमदार ज्याच्या खिशात तो आला. शेकापचे जयंत पाटील पडले, मिलिंद नार्वेकर आले. आणि कुणाकुणाची मतं फुटली यावर सकाळपासून आमच्या मिसळीच्या गाडीवर तेच चाललंय.

ताई, थांब्याचं काय झालं?

सिन्नरची_सून (१३ जुलै २०२४)

दादा, खांब लागलाय. त्यावर पाटी अजून नाही.